यात काही राम नाही

हॅलो? … हं आई, बोल. पटकन बोल, दोन्ही हात अडकलेत, फोन खांद्यात धरलाय… काय? … बंद पडला? कोण बंद पडला? … अगं नीट सांग, काळजात धस्स झालं माझ्या! … कॉम्प्युटर! मग आधी कॉम्प्युटर म्हण ना गं बाई!

थांब हं. लंबू, तो ब्लोअर बंद कर रे जरा. सकाळपासून धूळ उडवतोयस, कानात दडे बसलेत… हं, आता बोल. … स्क्रीन काळी. बरं. आणि मधे काही लिहून येतंय? … 'नो सिग्नल'. … आणि तुझी परीक्षा? … बाराला ना? … आई, अगं घड्याळ बघितलंस का?

काय? … 'जाऊ दे' काय? जाऊ दे काय? … अगं कुठे जाऊ दे! घरात येणारं प्रत्येक बिल, प्रत्येक औषधाची चिठ्ठी तांबडं पेन घेऊन तपासत बसतेस. माझ्या रजेच्या अर्जातसुद्धा चुका काढल्यास, मालक हसत होते मला. आणि आता कुठे एक प्रकाशन म्हणतंय, की परीक्षा द्या, पास झालात तर घरबसल्या मुद्रितं तपासायला देऊ… तर जाऊ दे? … परत घेतील? कधी घेतील? … नाही ना माहीत? मग!

मोबाईलवर देता येते का? … नाही चालत. हो, तूच सांगितलं होतंस, विसरले मी. … बरं, घाबरू नकोस. म्हणजे तू घाबरलेली वाटत नाहीयेस, पण तरी घाबरू नकोस. माझ्या हाताने जोडलेलं मशीन आहे ते. डिस्प्ले देत नाही म्हणजे काय? देईल, त्याचा बाप देईल!

काका, बसा ना तुम्ही, दोन मिनिटं. … हो, तुमचंच हातात आहे. घरचा फोन आहे. आईचा. … बघा, तुम्हालाही आई आहे ना. … हं आई, बोल. … नाही, गिऱ्हाईक आहे, चांगले आहेत, बसलेत.

ऐक. मॉनिटरची वायर बघ, मागची. … घट्ट आहे? … आणि दुसरं टोक, सीपीयूच्या मागे? … तेही घट्ट. ओढून बघ. … हलत नाही. … अगं, एवढ्यात वाकून बघितलंस पण? पाय दुखतात म्हणतेस नेहमी… बघितलंस ना खरंच? … बरं बरं, चिडू नकोस.

सीपीयूचा दिवा? … लागलाय. पंखा? … फिरतोय. म्हणजे वीज आहे, पंखा आहे, मॉनिटर जिवंत आहे, आणि बोर्ड तेवढा हटून बसलाय, चित्र पाठवत नाहीये. आवाज येतोय का कसला? … नीट ऐक. बोर्डाला आतून काही दुखत असलं ना, की तो ओरडतो. … गप्प आहे? अजिबात गप्प? … विचित्रच आहे.

मग हा कसला आवाज येतोय? … मागे. पीं… पीं… असा. … ट्रक? … खाली ट्रक मागे घेतायत? … बरं. खिडकी लाव ना मग, मला काही सुचत नाहीये.

आता असं कर, मागचं मेन बटण… काय? … 'नकोच आता, संध्याकाळी तू येऊन बघ'? अगं संध्याकाळी येऊन मी काय बघू? मशीनची तब्येत? परीक्षा बाराला आहे आई! … मी निघते म्हटलं तरी पोचेपर्यंत तुझा पेपर संपलेला असेल. … आई, तू ना, आज अशी का करतेस? एरवी दूध नासलं तरी दहा फोन करतेस, आणि आज जाऊ दे, राहू दे, संध्याकाळी बघ! मी इथे जिवाचं रान करतेय आणि तू आपली थंड!

… मी ओरडत नाहीये. … बरं, ओरडतेय. सॉरी. … पण तूच सांग ना.

आई, तो ट्रक अजून मागेच येतोय? … हो, मला ऐकू येतंय. … अगं केवढा मोठा ट्रक आहे तो! आणि आपल्या इमारतीमागे रस्ता तरी केवढा आहे? मघापासून मागे येतोय, आता भिंत फोडून आत यायला हवा होता.

… थांब. एक काम कर. सीपीयूचं पुढचं बटण दाबून धर. … धर, धर, सोडू नकोस. … बंद झालं? दिवा विझला? …

आई.

ट्रकसुद्धा थांबला गं.

… कसला ट्रक न् कसलं काय! बोर्ड ओरडत होता तो. आणि असा लांब लांब, न थांबता ओरडतो तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. त्याला रॅम सापडत नाहीये. … मी पण डोकं कुठे ठेवून बसलेय! सकाळी तूच सांगितलंस की फोनवर. बाबा म्हणतात यात काही रॅम नाही. मी म्हटलंही तुला, की…

थांब थांब थांब. बाबांना कसं कळलं? … नाही, सांग ना, बाबांना कसं कळलं? टीव्हीचा रिमोट स्वतःच्या मांडीखाली असतो तो त्यांना सापडत नाही, आणि त्यांना मशीनमधली रॅम दिसली? न उघडता? …

काय? … परत बोल. … राम? … राम म्हणाले? … यात काही *राम* नाही? …

कशात? …

परीक्षेत. … 'या वयात कसल्या परीक्षा देतेस, यात काही राम नाही.' … असं म्हणाले? … चहा पिता पिता. … हं. आणि उठून फिरायला गेले. वा!

आणि तू मला फोन केलास. … आणि मी काय म्हणाले? … आठवतंय. आठवतंय गं आई, नको सांगूस. 'नसेल तर नादी लागू नकोस, राहू दे.' … आणि फोन ठेवला. … अरे देवा. अरे देवा रे!

अगं आई, ऐक ना. ऐक माझं. … नाही, तू ऐक! मी रॅमबद्दल बोलत होते! … अगं ती पट्टी, मेमरीची हिरवी पट्टी! मला वाटलं मशीन हळू चालतंय म्हणतेयस, आणि परीक्षेपुरतं तेवढं पुरेल… मला 'परीक्षा' शब्द ऐकूच आला नाही. लंबूचा ब्लोअर चालू होता कानाशी. तू राम म्हणालीस, वरचा चंद्र मी माझ्या मनानेच दिला! … हो ना! दुसरी कोणी असती तर एक वेळ ठीक, पण तू! तू कधी 'रॅम'ला 'राम' म्हणशील? माझ्या लक्षात यायला हवं होतं.

… रडू नकोस ना गं. … नाही, मी नाही रडत. धूळ आहे इथे. … काका, काही नाही, धूळ गेली. बसा तुम्ही.

आई, मी तुला राहू दे म्हणेन? मी? … बाबांचं सोड ना. ते भाजीलाही तसंच म्हणतात, बातम्यांनाही तसंच म्हणतात. माझ्या वेळी काय म्हणाले होते? 'पोरीच्या जातीनं स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं, यात काही राम नाही.' तेव्हा कोण म्हणालं होतं, त्यांना बोलू दे, तू स्क्रू फिरव? … कोण म्हणालं होतं? … मग!

… हं. … हं. … त्यांचं नाही लागलं मनाला. … माझं लागलं. … हो गं. लागणारच. …

आता खरं सांग. रॅम कुठे आहे?

… तूच काढलीस ना? … बोल, मी रागावणार नाही. … हं. … भीती वाटली. … नापास झालीस तर बाबा म्हणणार, 'मी म्हणालोच होतो.' आणि मशीनच बंद पडलं तर कोणाला काही म्हणताच येणार नाही. … आणि फोन कशाला केलास मग? … मी 'बरं, बंद पडलं तर पडलं' म्हणावं म्हणून! … आई, चोरावर मोर आहेस तू!

आणि काढलीस कशी? … मीच शिकवलं होतं. हो, गेल्या वेळी, खोडरबरने पिना घासायला. … काय? … आतासुद्धा घासलीस? लपवायच्या आधी? … घासून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवलीस? … धन्य आहेस! हात जोडते तुला!

कुठे आहे? … बटणांच्या डब्यात. … आण. … आण म्हणजे आण. बाराला वेळ आहे अजून. आपण दोघी आहोत ना. मी आहे, फोन ठेवत नाही.

… मालक, आलेच. … नाही, पाच मिनिटं. … नाही, घरचं नाही, कामाचंच आहे. नो डिस्प्ले केस आहे. फोनवर सोडवतेय.

… आणली? फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेव. आधी मागची मेन पिन काढ. … काढली. झाकण लावलंयस का? … नुसतं टेकवलंय. बरंच झालं. काढ. लोखंडाला हात लाव एकदा, अंगातली स्थिर वीज उतरू दे. … हो, सीपीयूच्याच, कपाटाच्या नाही. … आता पट्टी धर. खाली मधे एक खाच आहे, दिसली? … अगदी मधे नाही, थोडी एका बाजूला. तशीच खाच त्या फटीत आहे. जुळव. … जुळत नाही? मग उलटी धरलीयस. … हं! आता दोन्ही अंगठे ठेव आणि दाब. … जोरात दाब. … नाही मोडत. … अगं नाही मोडत, डब्याचं घट्ट झाकण लावतेस ना, तसं! … एका टोकाचा खटका लागला? कट् वाजला? … आणि दुसरा? … नाही. दाब. … 'देवा देवा' नंतर, आधी दाब!

… आला! मलाही ऐकू आला! कट्! वा गं माझी आई!

पिन लाव. थांब, बटण दाबायच्या आधी फोन मशीनजवळ धर. … धरलास? … दाब. … शू! लंबू, शू! काका, एक मिनिट हं…

…

पीं. एकच. छोटासा! … ट्रक गेला आई! ट्रक गेला!

काय दिसतंय? … अजून काळंच? … थांब जरा, त्याला जाग येऊ दे. … उजेड आला? … अक्षरं? … आलं! आलं ना? … अगं मग ओरड ना, मीच एकटी ओरडतेय दुकानात!

आता पासवर्ड टाक. … मला नको सांगूस, टाक. … त्यांनी पाठवलेली लिंक उघड. … उघडतेय? … गोल फिरतंय, फिरू दे. … आलं पान? बाराच्या आत आलीस बघ. पहिली ओळ वाचून दाखव.

… वाच ना. … हसतेस काय? … आई, काय झालं, हसतेस काय अशी? … काय लिहिलंय? … 'परिक्षेच्या सूचना'? … मग? … पहिली वेलांटी? … अय्या! परीक्षेतल्या 'परीक्षा' शब्दालाच पहिली वेलांटी! … मुद्दाम टाकलीय का गं? तुला पकडायला? … नाही? खालीसुद्धा तशीच आहे? … म्हणजे खरीच चूक! मग अर्ध्या तासापूर्वी रॅम लपवून बसली होतीस कशाला? या लोकांना तू हवीच आहेस आई! तुझ्यावाचून अडलंय त्यांचं!

… कोण बोलतंय मागे? … बाबा आले फिरून. … काय म्हणतायत? … चहा? आत्ता? … नको उठूस हं! उठायचं नाही! … काय सांगितलंस त्यांना? … काय? … 'आज चहात काही राम नाही'? … आई! … आणि ते? … गेले? कुठे, ओट्याकडे? … स्वतः ठेवतायत! अगं त्यांना साखरेचा डबा तरी… बरं बरं, तू नको बघूस तिकडे.

ऐक. पाणी जवळ घे. घाई करू नकोस. एकेक ओळ दोनदा वाच. चष्मा पुसलास ना? आणि मशीनने काही नाटक केलं तर लगेच मला… हो, हो, वाजतील बारा, माहितीये. नुसतं एवढंच सांगते, की काही अडलंच ना, तर तू…

काय? … 'आता राहू दे तुझं'? …

हॅलो? … आई? … हॅलो?