खाली कोण उभं राहणार?

आदरणीय अध्यक्ष महाराज, सभागृह समितीचे सन्माननीय सदस्य, व्यासपीठावर संकोचून बसलेल्या आमच्या ताई, आणि समोरच्या माझ्या मैत्रिणींनो,

ताईंना निरोप देताना चार चांगले शब्द बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. समितीला एकच ओळ पुरली: 'प्रशिक्षिकेच्या हलगर्जीपणामुळे अपघात.' त्या ओळीपायी ताईंवर बंदी आली, आणि उद्या सकाळी नऊ वाजता आमचा खांब काढला जाणार आहे.

तीन वर्षांपूर्वी या सभागृहामागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी, ताईंनी छतापासून जमिनीपर्यंत एक पोलादी खांब बसवला. पोल डान्स! नाव ऐकूनच लोकांनी कपाळाला हात लावला. आम्ही पाचजणी घरी सांगायचो, शिवणक्लासला जातो. सहा महिन्यांनी सासूबाईंनी सदरा पुढ्यात टाकला. "एवढं शिकलीस, बटण तरी लाव!" बटण मला आजही लावता येत नाही. पण ज्या हातांना भरली बादली जड व्हायची, त्यांवर मी स्वतःला तोलू लागले होते. तोकडे कपडे कशाला, विचारता? खांबाला उघडी कातडी धरते, कापड घसरतं. इतकं साधं आहे.

तेव्हा गाद्या नव्हत्या. म्हणून ताईंचा नियम होता, खाली कुणी उभं असल्याशिवाय वर जायचं नाही. वरून विचारायचं, "आहेस?" खालून "आहे" आलं, की मगच हात सोडायचे. आणि अंगाला तेल, क्रीम काही लावायचं नाही.

त्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, पाय बघा, कोरडे पडून नुसती राख! थांबा." मायेने तिने गुडघ्यांपर्यंत क्रीम चोळलं. मी नुसतं पुसलं. ताईंनी विचारलं, "काही लावलं नाहीस ना?"

"छे!"

वर गेले, गुडघ्यांत खांब घट्ट धरला. "ताई, आहात?" "आहे गं." हात सोडले. गुडघे सटकले.

ताई बाजूला होऊ शकल्या असत्या. झाल्या नाहीत. मला ओरखडाही नाही, त्यांचा खांदा मोडला. तो हात आता डोक्यावर जात नाही. चौकशीत त्या म्हणाल्या, "माझं लक्ष नव्हतं." आणि मी? मी शाळेत मुलांना वक्तृत्व शिकवते, सत्यासाठी आवाज कसा चढवायचा ते शिकवते. आठ महिने मिठाची गुळणी धरून बसले!

ताई, मान हलवू नका. आज मी थांबणार नाही.

अध्यक्ष महाराज, ती ओळ खोडा. बंदी मला घाला. मागच्या रांगेतली ती शिंपीण, आमच्यातली एकमेव खरी शिवणारी, नवरा गेल्यावर वर्षभर उंबरा ओलांडत नव्हती. खांबासाठी ओलांडला. तिला उद्या काय सांगू?

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, आवाज चढला, तेवढं पोटात घाला. माझी ती एक चूक मात्र घालू नका. उद्या नऊला माणसं पाने-हातोडे घेऊन येतील, तेव्हा मी खांबावर असेन. पाय कोरडे असतील. वरून विचारीन, "आहात?"

खाली कोण उभं राहणार, तेवढं आज ठरवा.