‘ये गं’ नंतरचा थांबा

— नाही नाही, ती खुर्ची कुणाची नाही, बस तू. पर्स ठेवली होती मी, उचलते. आत अजून वेळ आहे, एसी बंद होईना झालाय आणि त्याची घरघर माईकमध्ये येते म्हणे. तो कागद बिस्किटाच्या जाहिरातीचाच ना? दाखव जरा — नको, राहू दे, पाठ आहे मला. ‘ये गं. बस इथे. काही सांगू नकोस. आधी खा.’ नऊ शब्द. एकोणीस वर्षं मी म्हटलेत ते. — आता कशी बघतेस तोंडाकडे. सगळे असेच बघतात. पोस्टात तिकीट मागितलं तरी खिडकीतला माणूस हसतो आणि आपण का हसलो ते त्याचं त्यालाच कळत नाही.

— हो, नव्या आवाजाची चाचणी माझीही घेतली मघाशी. तीन टेक. कशी झाली ते मला काय विचारतेस, काचेपलीकडच्या त्या दाढीवाल्याला विचार. म्हणतो, ‘मॅडम, आवाज थोडा आजीकडे झुकलाय.’ मी म्हटलं, बरं की मग, आजीनं पुढे केलेलं कोण नाकारतं? तर म्हणतो, ‘आजी कधीतरी पुरे म्हणते, मॅडम. आपल्याला पुरे न म्हणणारी हवी.’ आणि मग ‘कळवतो’. कळवतो म्हणजे काय ते तुला अजून वीस वर्षांनी कळेल. वय काय तुझं? — सव्वीस. वाटलंच. मघाशी तू त्या रिसेप्शनवाल्या मुलीला पाणी मागितलंस ना, नुसतं पाणी, तेव्हाच मी मान वळवून बघितलं. असा गळा होता माझा. असा म्हणजे — याहून बरा होता. तुझा ‘स’ जरा शिट्टी मारतो. राग मानू नकोस, कानच तसे झालेत.

पण हे काम घेऊ नकोस. — हसू नकोस, मी हेव्याने सांगत नाहीये. थोडा हेवा आहे, पण ऐक तरी. पहिल्या जाहिरातीत चार कप होते, बशी होती, पाहुणे होते, आणि मी म्हणायची, ‘या, बसा.’ पुड्यात बिस्किटं आठ आणि माणसं चार. दोन वर्षं बरी गेली, मग खप अडला. कंपनीने माणसं नेमली, ती घरोघर जाऊन विचारत बसली, तुम्ही कधी खाता, कुणाबरोबर खाता, खाताना काय आठवतं. निघालं काय? चौघांत बसलेली बाई दोन खाते. एकटी बसलेली आठ खाते. झालं, बशी काढली, तीन कप काढले, पाहुणे काढले. राहिली एक बाई, एक खिडकी, एक पुडा. बिस्किटं तेवढीच आठ, वर फक्त छापलं ‘तुझ्या एकटीसाठी’. आता मला त्या कागदावर भूक दाखव. कुठे आहे? नाहीच. भूक लागलेली बाई पोट भरलं की उठते, ती यांच्या काय कामाची? यांना दुखावलेली बाई पाहिजे. तिला उठायचं कारणच नसतं.

आणि तो थांबा. ‘ये गं’ — आणि दीड सेकंद काही नाही. कागदावर लिहिलेला नसतो, आत सांगतील तुला. दाढीवाल्याच्या आधी जे साहेब होते त्यांनी बायका खोलीत बसवून बघितलं होतं, त्या दीड सेकंदात हात पुड्याकडे जातो. थांबा नसला तर ऐकतात आणि आपल्या कामाला लागतात. सगळी जाहिरात त्या थांब्यात आहे, बाकीचे सात शब्द नुसते सोबतीला. आणि तो मी आणला. कंपनीने नाही, मी. शब्दही माझे. — खोटं वाटतं? जाहिरात लिहिणारी बाई माझ्या मागे लागली, ताई, काहीतरी घरातलं द्या ना. दिलं मी. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, शाळेतून तोंड पाडून यायची, कुणीतरी चिडवलेलं असायचं, कुणीतरी खेळायला घेतलेलं नसायचं. मी हातातलं काम ठेवायची, म्हणायची, ‘ये गं’ — आणि थांबायची, ती दप्तर काढेपर्यंत. मग, ‘बस इथे. काही सांगू नकोस. आधी रड.’ बस्स. रडायची, माझ्या पदराला नाक पुसायची आणि पाच मिनिटांत खेळायला पसार. खाणंबिणं काही नाही. लिहिणाऱ्या बाईने सगळं ठेवलं तसंच ठेवलं, फक्त शेवटचा एक शब्द बदलला. मला तेव्हा गंमत वाटली. लेकीला टीव्हीपुढे ओढून आणलं मी, म्हटलं बघ, आपलं घरातलं सगळ्या जगाला ऐकवतायत.

— आता? आता अठ्ठावीसची. दुसऱ्या शहरात, एक खोली घेऊन एकटी. गेल्या वर्षी गेले होते तिच्याकडे, चपला ठेवायला खोकं उघडलं तर आत पुड्यांचे कागद. चुरगळलेले नाहीत, छान घड्या घालून, काठोकाठ. आमची नीटनेटकी आहे पहिल्यापासून. म्हटलं, हे काय गं? तर म्हणाली, ‘खालच्या दुकानात पैसे द्यायला उभं राहिलं की वर छोटा टीव्ही आहे, आई. तू बोलावतेस आणि मी येते.’ हसत म्हणाली. मीही हसले. झाकण लावलं आणि खोकं परत ठेवलं. — काय बोलायला हवं होतं मग? तू बोलली असतीस? तुला लेक नाही, तुला सुचेल.

हे नव्हतं सांगायचं खरं तर. असो. मग सात महिन्यांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. भर दुपारी फोन, नुसती रडतेय, शब्द फुटेना. मी म्हटलं, ‘ये गं’ — आणि थांबले. दीड सेकंद, चोख. माझं मलाच ऐकू आलं, किती छान थांबले ते. ‘बस इथे. काही सांगू नकोस. आधी खा.’ — हो. खा म्हटलं. एकोणीस वर्षं जिभेला तेच वळण, तिने काय करावं? पलीकडून पुड्याचा कागद फाटल्याचा आवाज. मग म्हणाली, ‘खातेय, मॅडम.’ आईला मॅडम. आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. मेसेज वाचते, निळ्या खुणा होतात, पुढे काही नाही. आणि मघाशी आत काय झालं, सांगू? तिसऱ्या टेकला माझ्या तोंडातून ‘आधी रड’ निघून गेलं. दाढीवाला म्हणाला, ‘शब्द चुकला, मॅडम.’

— मग आलातच कशाला, म्हणतेस. पैशाला आले. — नाही, पैसे आहेत माझ्याकडे. अगं, ती रोज त्या दुकानात जाते. सात महिने माझा आवाज तिच्या कानावर पडतो तो तिथेच, दुसरीकडे कुठे नाही. महिनाअखेरीस तो काढणार आणि तुझा लावणार. माझ्या पोरीला तू म्हणणार ‘ये गं’. तू कोण तिची? तिला ताप भरला की आधी कानाच्या पाळ्या लाल होतात, हे तुला माहीत आहे? त्या दोन शब्दांवर ती एवढीशी असल्यापासून धावत आलीय, आणि आता तू म्हटलंस तरी येईल, बघ, उभी राहील आणि पुडा उचलेल, आणि तिला फरकसुद्धा — चढला का आवाज? ती रिसेप्शनवाली बघतेय.

घे, तुलाच बोलावतायत. ऊठ. — थांब, एक सांगते. ‘ये गं’ नंतर थांबू नकोस. सरळ पुढे जा, एका दमात, ‘ये गं बस इथे’. — हो, मीच म्हणाले, सगळी जाहिरात थांब्यात आहे. — हो, तुलाही ‘कळवतो’ म्हणेल कदाचित. — कुणाच्या भल्यासाठी ते मला नको विचारू. तू जा. कागद राहिला तुझा, हा घे. आणि दार नीट ओढून घे, त्याला फट राहते. मला इथे ऐकू यायला नको.