बोका काळाच होता

...अहो, हसताय काय! काळ्या वस्तूचा फोटो काढून बघा एकदा, मग हसा! तुम्हाला सांगतो, लाल, हिरवं, पिवळं कुणीही काढेल, काळं काढायला छाती लागते. कारण हा कॅमेरा... महागातला, बरं का... काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार पडला! भसाभसा उजेड आत घेतो आणि कोळशाची करून ठेवतो राख. म्हणून आपण कॅमेऱ्यावरचं चाक फिरवायचं, उजेड खाली आणायचा. काळं ते काळंच आलं पाहिजे!

त्यामुळे प्रवासाला निघालो की मी शोधतो काय? काळं! लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात, मी भर रस्त्यात पालथा पडून कुणाची तरी काळी छत्री बघतो. मेहुणा फोटो चाळतो नि विचारतो, "भाऊजी, हा फोटो आहे की कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलं?" आता बोला! गाढवाला गुळाची चव काय!

तर यंदा उतरलो त्या लॉजच्या मालकिणीचा बोका... डांबरासारखा काळा, आणि बसलाय कुठे, तर काळ्या दारापुढे! मला आणखी काय हवं? मी जमिनीवर आडवा, श्वास रोखलेला, आणि मागून आवाज, "अहो, एवढे प्रवास झाले, त्यात माझा एक फोटो दाखवा!" आमची ही! डोळ्यांत पाणी. खोटं कशाला बोलू? होता एक, नाही असं नाही, पण त्यात ती छत्रीच्या मागे होती.

म्हटलं, ये, बस. तिने बोका मांडीवर घेतला, केस सारखे केले. पहिला फोटो घाईघाईत निघाला, चाक फिरवायचंच राहिलं. दुसरा मात्र... अहाहा! बोका काळाकुळकुळीत, मिशी न् मिशी मोजून घ्या! इतक्या वर्षांनी जमलं हो! काळं ते काळंच!

घरी आल्यावर दोन्ही तिच्यापुढे ठेवले. दुसरा बघून म्हणते, "ह्यात माझ्या सुरकुत्यापण मोजून घेता येतात." आणि उचलला पहिला! त्यात उजेड नुसता उतू चाललेला, सुरकुती औषधाला नाही, चेहरा कसा मोकळा, हसरा... आणि बोका? उंदरासारखा राखाडी! "हाच मोठा करून बाहेरच्या खोलीत लावायचा."

"अगं, पण काळं ते काळंच..."

"बोक्याची काही तक्रार आहे का? मग!"

लावला. येता-जाता ती बघते, गालातल्या गालात हसते, आणि खरं सांगू? मलाही बरं वाटतं. फार बरं वाटतं. पण परवा शेजारच्या वहिनी आल्या, फोटोपुढे थबकल्या. "अय्या, काय गोड बोका! असाच राखाडी होता का हो?"

ही माझ्याकडे बघतेय. भिंतीवरून बोका माझ्याकडे बघतोय. काय सांगणार?... म्हटलं, "हो वहिनी, अगदी जन्मापासून!"