पायाळूचा पाय

अरे, इथे कॅनडात दारातला बर्फ शोव्हल करताना माझी पाठ धरली होती ते सांगितलंच नाही ना तुम्हाला? नव्वद अंशात वाकलो तो वाकलोच. बायको म्हणाली, "मी पायाळू आहे, पाठीला पाय लावते. उसण जाईल."

मी खेकसलो, "ग्वेल्फमध्ये असले गावठी उपाय नकोत!"

तेवढ्यात शेजारचा फिलिपिनो मित्र म्हणाला, "माझी आई हिलोत करते, ये." परदेशी नाव ऐकून मला थेरपी वाटली. लगेच गेलो, बायकोचा हात धरून.

त्याची आई म्हणजे चांगल्या आजीच. त्या पाठीला हातच लावेनात. जेवलास का, झोप लागते का, आईला फोन करतोस का, हेच चाललेलं.

"आजी, पाठ दुखतेय हो."

"पाठ काय एकटी आलीये? आज भांडलास कोणाशी?"

"माझ्याशी," बायको म्हणाली.

मग त्यांनी खोबरेल लावून केळीचं गरम पान पाठीवरून फिरवलं. जिथे ते अडकलं, तिथे असा अंगठा दाबला की मी कळवळलो. पण उठलो तो सरळ!

"आजी, हे शिकलात कुठे?"

"मी जन्मले तेव्हा पाय आधी आले. अशा माणसाला उपजतच गुण असतो."

बायको शांतपणे म्हणाली, "मीही तशीच जन्मले."

आजी माझ्यावरच चिडल्या. "मग इथे कशाला आलास?"

पाठ आता ठणठणीत आहे. तरी बर्फ पडला की हातात शोव्हल मिळण्याआधी पाठीत लाथ बसते.

बायको म्हणते, "प्रिव्हेंटिव्ह केअर."