अठरा ते तीनशे

व्यासपीठावरून नुकत्याच उठून बाजूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलेल्या आदरणीय अध्यक्षबाई, आपल्या पूल-तपासणी विभागाचे आजी-माजी अभियंते, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांचे भिंगकाका, काकू, आणि वर बाल्कनीत दाटीवाटीने बसलेली आमच्या सगळ्यांच्या घरची माणसं, आपणा सर्वांना नमस्कार.

बोलण्याआधी एक विनंती. आपल्याला बाहेर अंगणात सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा आहे, आणि ऊन उतरायच्या आत काढायचा आहे. तेव्हा बाल्कनीतली पहिली रांग आधी उठेल आणि जिन्याने सावकाश खाली येईल. मग दुसरी, मग तिसरी. खाली बाल्कनीच्या सावलीत बसलेल्यांनी पुढे येऊन बाजूच्या दाराने बाहेर पडावं. धावायचं मात्र नाही, धापा टाकणारी माणसं फोटोत बरी दिसत नाहीत. तोवर मी बोलत राहते. भाषण चालू असताना उठून जायची परवानगी आजवर कुठल्या वक्त्याने दिली आहे का? मी देते आहे, संधी सोडू नका.

माझा आवाज कापतो आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी घाबरले आहे, आणि भाषणाला नाही. कशाला, ते बाल्कनी रिकामी झाली की सांगेन.

भिंगकाकांनी एकतीस वर्षं पुलांच्या तड्यांचे फोटो काढले. त्यातली शेवटची नऊ मी त्यांच्या हाताखाली होते. पाच लेन्सची ती पिशवी तुम्ही पाहिली आहे. तिच्या ओझ्याने काकांचा उजवा खांदा इतका उतरला, की त्यांचा शिंपी न विचारता शर्ट तसाच बेततो. एकाच लेन्समध्ये सगळं, असं कोणी म्हटलं की काका म्हणायचे, सगळं करणारा काहीच धड करत नाही. पण निवृत्तीनंतर दोघांनी जग बघायचं ठरलं, आणि काकूंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की प्रवासाला एकतर पिशवी येईल नाहीतर मी. म्हणून आपण सगळ्यांनी मिळून त्यांना एकच लेन्स द्यायची ठरवली, आणि ती निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

दुसरी रांग, छान चालली आहे. कठड्याला टेकू नका, भिंतीकडून या.

दुकानदार भला माणूस. त्याने अठरा ते तीनशे मिलिमीटरची लेन्स पुढे ठेवली. अठराला अख्खी वरात मावते, तीनशेला पलीकडच्या मनोऱ्यावरचा पक्षी डोळे मिटतो तेही दिसतं. प्रवासात धुळीत उभं राहून लेन्स बदलायला नको. तोटेही त्याने लपवले नाहीत. उजेड जास्त लागतो, आणि तीनशेला चित्र जरा मऊ पडतं, रेघांना जांभळट कड येते. मी दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी तीच घेतली. गुडघे आणि खांदे यांचं वय झालं की थोडा मऊपणा चालवून घ्यावा, असं मी स्वतःला समजावलं.

चार दिवसांपूर्वी या सभागृहाची व्यवस्था बघायला आले, तेव्हा इथेच, या माईकजवळ उभी राहून ती तपासली. अठराला सगळं सभागृह आलं. तीनशेला मी बाल्कनीखालचा बीम धरला. त्यावर एक काळी रेघ दिसली, कडेला जांभळट झाक. मला वाटलं, आपल्याला सदोष नग दिला. तशीच तणतणत दुकानात गेले आणि त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले. त्याने मुकाट्याने दुसरा नग काढून दिला. आता बघा, पुलाखाली अशी रेघ दिसली असती तर मी तिच्या टोकाला खडूने खूण करून तारीख घातली असती. इथे मी लेन्स बदलून आणली.

तिसरी रांग उतरली का? बरं. आई, तू अजून बसूनच का आहेस? हो, गुडघे. सगळ्यांना पुढे जाऊ दिलंस, कळलं.

आता सांगते. मघाशी पाहुण्यांचं भाषण चालू असताना मी नव्या लेन्सने त्याच जागेवरून तोच फोटो काढला, काकांना कौतुकाने दाखवायला. रेघ तिथेच होती. दोन लेन्सना एकच दोष एकाच जागी नसतो. आणि चार दिवसांपूर्वी जी रेघ पंख्याच्या हुकापाशी थांबली होती, ती आज त्याच्या पुढे हातभर गेली आहे. मी तो फोटो काढला तेव्हा वर शंभर माणसं टाळ्या वाजवत होती.

मी कॅमेरा काकांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं, अध्यक्षबाईंना दाखवलं, आणि मला म्हणाले, "ओरडू नकोस. फोटोला म्हणून बाहेर काढ." यामागे कारण आहे. माझ्या पहिल्या वर्षी एका पुलाखाली मी तडा पाहून किंचाळले होते. माणसं एकाच बाजूला पळाली आणि परात कलावी तशी परांची कलली. त्या दिवशी कोणी मेलं नाही ते नशीब. तेव्हा काका रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "भीती खरी असेल तर आवाज खाली ठेवायचा." तो मी आजही ठेवते आहे. कसा ठेवते आहे, माझं मला माहीत.

काका, तुम्ही कुठे निघालात? वर जाऊ नका. बीमवर भार वाढवू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना? कोणी ऐकतंय का माझं?

बरं. हात धरा तिचा. आई, एकेक पायरी. खाली बघ, माझ्याकडे बघू नकोस.

जिना संपेपर्यंत मी आभार मानते, नाहीतर मला इथे उभं राहवणार नाही. आभार त्या दुकानदाराचे, उद्या जाऊन त्याची माफीही मागेन. आभार अध्यक्षबाईंचे, ज्या दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला हसून बाहेर पाठवत आहेत. आभार तुम्हा सगळ्यांचे, की का म्हणून न विचारता उठलात. काका, तुमची भेटवस्तू मी तुमच्याआधी वापरली, ती चूक पोटात घाला. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तेही सर्वांनी सांभाळून घ्यावं.

एका गोष्टीची क्षमा मात्र मी मागत नाही, कारण ती द्यावी असं मलाच वाटत नाही. आई, चार दिवसांपूर्वी ती रेघ पाहिल्यानंतरही, आज बाल्कनीच्या पहिल्या रांगेत तुला मीच बसवलं होतं. तिथून माझा चेहरा नीट दिसेल म्हणून.

उतरलात दोघं? या. दाराकडे चला, मी मागून येते.

फोटो मी अठराला काढणार आहे, त्यात सगळे मावतात. कोणी हलू नका. मला डोकी मोजायची आहेत.