पाठवणीला हार्ड रॉक

हसू नका, मी खरंच एका पाठवणीला हार्ड रॉक वाजवलाय. तेव्हा मी एमआयडीसीत रोलिंग मिलला होतो अन् सुट्टीत इलेक्ट्रिक गिटार बडवायचो. शेजारच्या शेळकेकाकू, त्यांच्या दोन पोरी अन् पोरगा, असा घरचाच ग्रुप लग्नात गोड गोड गाणी म्हणायचा. वाटूर गावच्या एका लग्नाच्या आदल्या दिवशी गिटार वाजवणाऱ्या पोराचा हात मोडला, मंग काकू माझ्याकडं आल्या.

"हळू वाजवशील ना? पाठवणीचं गाणं हाय."

"बिलकुल हळू, काकू."

अन् मी हळूच वाजवून राह्यलो होतो. पोरी गात होत्या, नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती. तेवढ्यात पायाजवळच्या, गिटारचा आवाज फाडणाऱ्या हार्ड रॉकच्या पेडलवर माझा चुकून पाय पडला. गिटार अशी गुरकावली, की सारा मांडव दचकला. काकूंनी असं पाह्यलं, वाटलं आता आपलीच पाठवणी.

अन् नवरी फिसकन हसली. डोळे पुसत म्हणली, "थांबू नका ना, हेच वाजवा!"

मी काकूंकडं पाह्यलं.

"पाहतो काय? वाजव!" म्हणत त्यांनी हार्मोनियमचा भाता ओढला. नवरी नाचतच गाडीत बसली.

गाडी गेल्यावर तिची धाकटी बहीण पळत आली. "काकू, माझ्या लग्नाला हाच गिटारवाला पाहिजे!"

"कधी हाय लग्न?"

"नवरदेव अजून सापडायचाय."

पुढं दोन्ही कामं मलाच करावी लागली.