बाबा ‘चला’ म्हणाले

— नाही, चपला राहू द्या तिथंच, मावशी, काही होत नाही. आपण बाहेरच्या खोलीत बसू, आत बाबा झोपलेत — जेवणानंतर खुर्चीतच थोडा वेळ डोळा लागतो त्यांचा, तेवढ्यात बोलून घेऊ. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोललेलं मला आवडत नाही. लोक बोलतात हो. भेटायला येतात आणि त्यांच्या डोक्यावरून मला विचारतात, कसे आहेत, जेवतात का — अहो, माणूस समोर बसलाय, त्याला विचारा की. कळतं त्यांना. हे सगळ्यात आधी सांगते, औषधं-बिषधं नंतर. शब्द गेलेत, समज गेलेली नाही. आणि दुसरं म्हणजे, माझं शिकायला जायचं अजून नक्की नाही. स्कॉलरशिपचा निकाल लागायचाय. तुम्हाला बोलावलं ते आपलं असावं म्हणून — समजा झालंच, तर बाबांना सांभाळायला माणूस शोधायची ऐन वेळी धावाधाव नको. नाही झालं तर तुमची खेप फुकट गेली असं वाटून घेऊ नका, चहा तरी होईल.

काय करायचे म्हणता? गाडी शिकवायचे. ड्रायव्हिंग स्कूल होतं आमचं, स्कूल म्हणजे काय, एक गाडी आणि बाबा. या भागातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला त्यांनी शिकवलंय. अजूनही व्हीलचेअरवरून फिरायला नेलं की कोणीतरी गाडी थांबवतं, काच खाली करतं, म्हणतं, सर, बघा, हॉर्न न वाजवता आलो. बोलायला इतके की शिकणाऱ्याला भीती वाटायला वेळच मिळायचा नाही. शेजारी बसून यांची टकळी चालू — हळू, सोड, सोड, क्लच आहे तो, वैरी नाही तुझा. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना त्या गाडीत, त्यावर पाय आणि तोंडाने गप्पा. आणि दार लावलं, पट्टा लावला, आरसा बघितला की एक शब्द ठरलेला — चला. तो ऐकला की समोरच्याने गाडी हलवायची.

तो तेवढा राहिला. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बाकीचं बोलणं कुठे गेलं देवाला माहीत, आणि हा एक शब्द तोंडात राहिला. चला. पाणी पाहिजे, चला. पाठ दुखते, चला. मी कामावरून आले, चला. सुरुवातीला मी वेडी, ते चला म्हणाले की खुर्ची दाराकडे वळवायची, वाटायचं बाहेर जायचंय. ते बिचारे तहानेने कासावीस आणि मी त्यांना फाटकापाशी नेऊन झाडं दाखवतेय.

मग कळायला लागलं. हे नीट ऐका, मावशी, हे तुम्हाला यायलाच पाहिजे, नाहीतर तुमचं त्यांचं जमायचं नाही. शब्द एकच आहे, पण चाल वेगळी असते. तहान लागली की तुटक, शेवटी झटका दिल्यासारखा — चला. संडासला जायचं असलं की लांब, एका पट्टीत — चलाऽऽ — आणि त्यात जरा लाज असते, तुम्ही परक्या म्हणून सुरुवातीला जास्तच असेल. शेवट वर गेला तर विचारतायत, कोण आलं, काय झालं, दादाचा फोन का. आणि खाली बसत जातो तो — चला — असा, पायरी उतरल्यासारखा — तो म्हणजे ‘नको’. त्या वेळी हट्ट करू नका. चमचा तोंडाशी नेलेला असला तरी मागे घ्या. चाल कळलीच नाही तर त्यांच्या डाव्या हाताकडे बघा, तो खोटं बोलत नाही.

हसू नका, पण त्यावरच माझं हे चिनी भाषा शिकण्याचं सगळं उभं राहिलं. मी झाकणांच्या कारखान्यात आहे, बाटल्यांची झाकणं, तिथलं स्टोअर सांभाळते. नवीन मशीन आलं, त्याच्या पडद्यावर सगळी चिनी अक्षरं, आणि बसवायला त्यांचाच एक फिटर. इकडचा शब्द त्याला येईना, त्याचा आम्हाला येईना. साहेब मोठ्याने बोलायचे — मोठ्याने बोललं की कळतं असं काही जणांना वाटतं. मला मात्र त्या माणसाचं बोलणं ऐकताना घरात बसल्यासारखं वाटायचं. कारण त्यांच्यात तसंच आहे. ‘माई’ म्हणजे विकत घेणं आणि ‘माई’ म्हणजेच विकणं. आपली माई नव्हे हो. फरक फक्त चालीचा — एक खाली जाऊन वर येते, दुसरी धाडकन खाली. इतरांना दोन्ही सारखंच ऐकू यायचं. मला नाही. मी म्हटलं, आमचा तर संसारच एका शब्दावर चालतो. तो जायच्या आधी मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं की हा बोल्ट मोठा आहे, लहान देऊ का. त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मावशी, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या बोलण्याकडे असं लक्ष दिलं होतं.

मग क्लास लावला. मी कामावर असताना शेजारच्या काकू बाबांपाशी असायच्याच, आता संध्याकाळीही बसायला लागल्या. क्लासच्या बाई म्हणाल्या, तुझा कान तयार आहे, तू तिकडे चीनला जायला पाहिजेस, एक वर्ष राहिलीस तर पोपटासारखी बोलशील, स्कॉलरशिप असते, अर्ज कर. मुलाखतीतही तेच विचारलं, इतका स्पष्ट उच्चार कसा काय. मी म्हटलं, सराव. काय सांगणार होते? माझे वडील आडवे पडले म्हणून माझा कान तयार झाला? तसं तोंडातून निघेना. सराव म्हटलं आणि हसले, तेही हसले.

सराव कधी केला तेही ऐका मग. बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत दवाखान्यात, त्यांनी बाबांसाठी चित्रांची कार्डं दिली होती. कप, किल्ली, कुत्रा. रोज तासभर समोर बसायचं, चित्र दाखवायचं, शब्द म्हणायचा, ते तोंड हलवतील, थांबायचं. हे थांबणंच फार अवघड आहे. ओठ जुळतात, डोळ्यांत पाणी येतं, ‘कप’ अगदी दारात आलेला दिसतो आणि बाहेर पडतं ते — चला. मग ते मान फिरवतात. कार्डं केली नाहीत असं नाही, केली, पुष्कळ दिवस केली. मग त्याच तासाला मी माझं पुस्तक घेऊन बसायला लागले. बसायचे त्यांच्याच समोर, बरं का. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, किती करते पोरगी. आणि मोठ्याने माझे चिनी शब्द म्हणायचे. सुरुवातीला ते माझ्या तोंडाकडे बघत ओठ हलवायचे — त्यांना वाटायचं त्यांच्यासाठीच चाललंय. हळूहळू बंद केलं त्यांनी. खिडकीकडे बघत बसायचे. दवाखान्यातल्या बाई विचारायच्या, रोज होतो ना तास? मी म्हणायचे, रोज. होतच होता की.

तुम्ही कार्डं करा त्यांच्याकडून. कपाटात वरच्या खणात आहेत. कुत्र्यापासून नका सुरू करू, त्यांना कुत्रे आवडत नाहीत. किल्लीपासून करा.

निकालाचं काय विचारता, वाट बघण्यासारखं वाईट काही नाही. कारखान्यात स्टोअरच्या मागे जाऊन फोन बघायचा, काही नसलं की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून वाईट वाटायचं. म्हणजे मला काय पाहिजे होतं, मलाच ठाऊक नव्हतं. खरं सांगू, नाही म्हणाले असते तर बरंच होतं. काही न करता मी चांगली मुलगी राहिले असते. बाबांपाशी बसले असते आणि सगळ्यांना सांगितलं असतं, मिळत होतं, नशिबात नव्हतं. दादा म्हणाला असता, तू फार केलंस. दादा माझा मोठा भाऊ, लांब असतो, लेकुरवाळा आहे, सुट्टी मिळाली की येतो. वाईट नाही तो. येतो तेव्हा बाबांची दाढी करतो, हसवतो त्यांना, आणि जाताना रडतो. राहते मी. आता तिकडे गेल्यावर खोलीत दुसरी एक मुलगी असणार आहे माझ्याबरोबर, ती कुठली कोण माहीत नाही, तिला सांगायचंसुद्धा काय घरच्यांबद्दल — खिडकीकडचा पलंग माझा आहे, तेवढं —

हं. हो.

आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. लागलाय निकाल. सकाळीच लागला. मी बाबांची दाढी करत होते, फोन स्टुलावर होता, वाजला. एका गालावर साबण होता त्यांच्या. मी वाचलं. वसतिगृहाची खोलीसुद्धा लिहिलीय त्यात. मग वस्तरा धुतला आणि दुसरा गाल केला. जरा जास्तच हळू केला, त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे बघितलं — शेवट वर गेलेला चला — काय झालं? मी म्हटलं, कामाचं आहे. गाल पुसले, क्रीम लावलं, त्यांची खुर्ची उजेडात घेतली आणि त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, आता सांगायचंच. आणि सांगितलं.

कसं सांगितलं तेवढंच राहिलंय. तुम्हाला का सांगतेय देव जाणे, तुम्ही काम बघायला आलात. पण बसलाच आहात तर — मी म्हटलं, बाबा, मला स्कॉलरशिप मिळाली, वर्षभर लांब जायचंय, आणि घरात एक मावशी येतील, त्या तुमचं सगळं करतील, चालेल ना? एका दमात. मध्ये श्वास घेतला नाही. ते बघत राहिले. मग म्हणाले, चला.

खाली गेलेला. पायरी उतरल्यासारखा.

अहो, मला कळत नाही असं कसं होईल? चाल ऐकण्यावर तर मला बक्षीस मिळालंय. पण नको म्हणजे कशाला नको? मी जायला नको, की परकी बाई नको? माणसाला परक्याकडून अंग पुसून घ्यायला लाज वाटते, तुम्हालाही अनुभव असेल, पहिल्या दिवशी सगळेच नको म्हणत असतील. तसंही असेल. नसेलही. दोन्ही मी मुद्दाम एकत्र विचारलं, मावशी. आधी ठरवलं नव्हतं, पण तोंड उघडलं तेव्हा मला माहीत होतं मी काय करतेय. वेगळं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

आणि उठून दादाला फोन लावला. म्हटलं, मिळाली. तो म्हणाला, बाबांना सांगितलंस? काय म्हणाले? मी म्हटलं, बाबा ‘चला’ म्हणाले.

खोटं आहे का ते? शब्द तर तोच होता. दादाने पलीकडे वहिनीला हाक मारून सांगितलं, अगं, बाबांनी स्वतः तिला जा म्हटलं — आणि वहिनी फोनवर येऊन म्हणाली, बघा, आई-बाप शेवटी आई-बापच, बोलता येत नाही तरी आशीर्वाद देतात. मी हो म्हटलं. दोनदा हो म्हटलं. तिने त्यांच्या शेजारणीलाही सांगितलं असेल एव्हाना. बाबा इथे, याच खोलीत, माझ्या पाठीमागे. ऐकत होते. मी सुरुवातीला म्हटलं ना तुम्हाला, त्यांना सगळं कळतं. मला दादाने, वहिनीने काय समजावं त्याचं काही नाही, ते लांब आहेत. पण बाबांनी ऐकलं की त्यांच्या तोंडचा एकुलता एक शब्द मी उचलला आणि मला पाहिजे तसा वापरला. जेवले गपचूप. प्रत्येक घास घेतला. मी काय भरवलं असतं ते घेतलं असतं त्यांनी आज, असे जेवले.

नाही, पाणी नको मला. ठीक आहे. डोळ्यांत काही गेलं नाही, तुम्हीही काही गेलंय का असं विचारू नका.

तुम्ही चांगल्या वाटता. हात धुवून बसलात, मी सांगितलं नव्हतं. तुम्हालाच ठेवेन, ठेवायचं झालं तर. पण आता निघा. आत खुर्चीचा आवाज आला, जागे झाले वाटतं. मला त्यांना परत विचारायचंय, एकेक करून, आधी एक, मग थांबायचं, मग दुसरं — आणि ते तुमच्यासमोर नाही. तुम्हाला बघून ते भिडस्तपणा करतील, हो म्हणून टाकतील. तसं हो मला नको.

पदर सांभाळा, त्या कडीला अडकतो. मी फोन करेन तुम्हाला. नाही केला तर येऊ नका.